कात्रीबाईंची मान आणि कात्रीबाईंचा राग

माझ्या थोरल्या जाऊबाईंना आमच्या रस्त्यावर सगळे कात्री म्हणत. तोंडावर कात्रीबाई, पाठ फिरली की नुसती कात्री. स्कूटरच्या सीटवर चढवायचं रेक्झिन त्या एका दमात कापायच्या, मध्ये कुठे थांबणं नाही, की पुन्हा हात फिरवणं नाही. आणि गिऱ्हाइकाचं बोलणंही तसंच कापायच्या. "बाई, जरा कमी—" एवढं कानावर पडलं की, "पुढचं दुकान चौकात आहे, तिथे कमी होतं, आणि पावसात शिवणही कमी होते." गिऱ्हाईक हसायचं आणि सीट ठेवून जायचं.

घराच्या तळमजल्यावरची शटरची खोली म्हणजे आमचं दुकान. भिंतीला कातडी सोललेल्या सीटा टांगलेल्या, कोपऱ्यात फोमच्या लाद्या, आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास इतका मुरलेला की बाहेर गेलं तरी केसांतून येत राहायचा. मी शिलाई मशीनवर, जाऊबाई कापायला आणि ताणायला. ताणणं हेच खरं काम. फोमवरून रेक्झिन असं ओढायचं की एक सुरकुती राहता कामा नये, आणि ओढलेलं एका हाताने धरून दुसऱ्या हाताने खाली पिना ठोकायच्या. पुरुष कारागीर सुद्धा दिवसाअखेर मनगटं चोळत बसतात.

त्या रागीट होत्याच, मी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या रागाला कारण असायचं. फसवून हलका फोम पाठवणारा व्यापारी, उधारीवर सीट नेऊन रस्ता बदलणारा माणूस, दुपारी झोपून संध्याकाळी "चहा झाला नाही का" विचारणारे त्यांचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी. आग कुठे लागली हे बघून पाणी टाकता यायचं.

मग हळूहळू ते बदललं. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांचा राग सैरभैर झाला. दोरा तुटला म्हणून पिनांची बंदूक भिंतीवर फेकली. मी काहीच बोलले नव्हते तरी माझ्यावर ओरडल्या, आणि ओरडून झाल्यावर फोमच्या लादीवर बसून रडल्या. "माझ्यात काहीतरी उलटंपालटं झालंय गं," म्हणाल्या. दिवसभर पाण्याची बाटली तोंडाला. दोनदा मुतखड्याने लोळवलं. पाय दुखतात, पाठ दुखते, सकाळी उठल्यावरच दमल्यासारखं वाटतं. गल्लीतल्या डॉक्टरांनी वयाचं कारण सांगितलं. भाऊजींनी स्वभावाचं सांगितलं. रस्त्याला तर काय, आयतीच करमणूक.

आणि एक दिवस रेक्झिन ओढता ओढता त्यांचं मनगट मोडलं.

पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. एका जाड सीटचा कोपरा ताणत होत्या, कट्ट असा आवाज आला, मला वाटलं लाकडी पट्टी गेली. बघते तर जाऊबाई हात पोटाशी धरून पांढऱ्याफटक. भाऊजी संध्याकाळी आले आणि म्हणाले, "रागाने हाड मोडणारी ही पहिलीच बाई असेल." आलेल्या शेजाऱ्यांना तेच पुन्हा ऐकवलं. लोक हसले.

हाडांचे डॉक्टर मात्र हसले नाहीत. प्लास्टर घालता घालता विचारत राहिले. पडला नाहीत? मग मोडलं कसं? मुतखडे झालेत? तहान लागते? त्यांनी रक्त तपासायला पाठवलं आणि आठवड्याने दोघींना समोर बसवून समजावलं. मानेत तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. शरीरातल्या कॅल्शियमचा हिशेब त्या ठेवतात. जाऊबाईंची त्यातली एक फुगली होती आणि हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात ओतत होती. हाडं पोकळ, मूत्रपिंडात खडे, अंगात थकवा, डोकं भडकलेलं, सगळं त्या एका दाण्याचं काम.

"काढली की बरं होतं," डॉक्टर म्हणाले.

जाऊबाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं की तुम्हाला काहीतरी झालंय. घरी येऊन आम्ही सांगितलं तर भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे हिचा राग गाठीचा! आणि मी आपला उगाच स्वतःला दोष देत होतो." त्यांनी स्वतःला दोष दिलेला मी तरी कधी पाहिला नव्हता.

शहरातल्या मोठ्या खासगी दवाखान्यात मानेची ऑपरेशनं करणारे एक सर्जन होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. खोलीत गार हवा, काचेचं टेबल, भिंतीवरच्या फोटोंत ते स्वतः हार घातलेले, वेगवेगळ्या माणसांशी हात मिळवणारे. त्यांनी जाऊबाईंच्या गळ्यावर बोटं फिरवली, जेमतेम तेवढीच, आणि तारीख दिली.

मी विचारलं, "सर, पोटावर फिरवतात ते सोनोग्राफीचं मशीन मानेवर नाही का फिरवत? गाठ कुठे आहे ते आधी कळेल."

ते माझ्याकडे न बघता भाऊजींकडे बघून हसले. "मी तीस वर्षं माना उघडतोय. मशीन त्यांच्यासाठी, ज्यांना सापडत नाही. माझं बोट हाच माझा डोळा."

भाऊजींना ते वाक्य एवढं आवडलं की घरी येईपर्यंत दोनदा म्हणून झालं.

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकड्यावर बसून माझी पाठ आखडली. शेवटी मोठे सर बाहेर आले, टोपी काढत, घाईत. "चारही जागा बघितल्या. तीन मिळाल्या, चांगल्या आहेत. चौथी तिथे नव्हती. थायरॉइडचा एक संशयास्पद तुकडा काढलाय. गाठ बहुतेक छातीत उतरली असणार. काही महिन्यांनी बघू."

"नव्हती म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे नव्हती," ते म्हणाले आणि गेले.

जाऊबाईंच्या मानेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर, आणि कॅल्शियम जिथल्या तिथे. वर आवाज बसला. शुद्धीवर आल्यावर बोलायला गेल्या तर नुसती हवा. पुढचे काही आठवडे दुकानात त्या फाटक्या फुग्यासारख्या फुसफुसत होत्या, आणि रस्त्याला इतका आनंद झाला की काय सांगू. इस्त्रीवाला म्हणाला, "ऑपरेशन यशस्वी झालं म्हणायचं!" त्याच्या तोंडावर शटर ओढावं असं मला वाटलं. जाऊबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ओरडता येत नव्हतं ना. तो राग तसाच आत गेला आणि आत साचत राहिला.

आवाज थोडा परतल्यावर आम्ही मोठ्या सरांकडे पुन्हा गेलो. ते म्हणाले, "काही गाठी लपतात. तुमची लपली."

"तुम्ही शोधलीत कुठे?" जाऊबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"जिथे असते तिथे."

"आणि जिथे नसते तिथे?"

सर हसले. पुन्हा भाऊजींकडेच बघून म्हणाले, "फार चिडतात या. कॅल्शियममुळे होतं तसं. मनावर घेऊ नका."

भाऊजींनी मान डोलावली. तुम्हीच सांगा, ज्या बाईची मान उघडून रिकामी शिवली, ती समोर बसलेली असताना तिच्या नवऱ्याला सांगतात, मनावर घेऊ नका! माझ्या डोक्यात तिडीक गेली ती आजही लिहिताना जाते.

प्लास्टर काढायला गेलो तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी गळ्यावरचा व्रण पाहिला, आणि निकाल ऐकून घेतला. मग म्हणाले, "सरकारी दवाखान्यात एक सर्जनबाई आहेत. त्या स्वतः मशीन फिरवतात, दुसऱ्याने काढलेल्या चित्रावर विसंबत नाहीत. रांग मोठी असते, पण जा."

भाऊजी आले नाहीत. पुन्हा तेच कोण ऐकणार, म्हणाले. आम्ही दोघीच गेलो. व्हरांड्यात माणसांवर माणसं, पंख्याचा खडखडाट, फिनेलचा वास. आत हिरव्या पडद्यामागे एक अरुंद पलंग, आणि पलंगाशेजारी चाकांवरचं मशीन. सर्जनबाई इतक्या ठेंगण्या की पलंगावर नीट वाकता यावं म्हणून त्यांनी पायाखाली लाकडी पाट ठेवला होता. त्यांनी पहिल्यांदा जाऊबाईंनाच विचारलं, "काय झालं ते तुम्ही सांगा. सुरुवातीपासून."

जाऊबाईंनी सांगितलं. त्या घोगऱ्या आवाजात, दोनदा मध्ये खोकून, एकदा शिवी देऊन. सर्जनबाईंनी शिवी सुद्धा ऐकून घेतली.

मग गळ्यावर गार चिकट जेल लावून त्यांनी मशीनची दांडी गळपट्टीच्या हाडाशी टेकवली. पडद्यावर सगळं करडं. "ही थायरॉइड," त्या म्हणाल्या, आणि एकसारखी दाणेदार, फोमच्या कापासारखी दिसणारी जागा दाखवली. "हा काळा गोल धडधडतोय ती मोठी रक्तवाहिनी. ही पांढरी गुंतागुंत दिसते ती आधीच्या ऑपरेशनची." दांडी इंचाइंचाने सरकत होती. डावीकडे काही नाही. उजवीकडे काही नाही. जिथे गाठ असायला हवी तिथे ती खरंच नव्हती. म्हणजे सर बरोबर?

पण त्या थांबल्या नाहीत. दांडी थायरॉइडच्या वर गेली. आणखी वर. जुन्या चिरेच्या कितीतरी वर, जबड्याच्या कोपऱ्याखाली, जिथे कुणी गाठ शोधायला जाईल असं मला वाटलंही नसतं.

"थांबा," त्या स्वतःलाच म्हणाल्या.

रक्तवाहिनीला चिकटून एक काळसर लांबट दाणा होता. त्यांनी बटण दाबलं तशी त्यात शिरणारी एक लाल रेघ उजळली.

"हीच का?" जाऊबाईंनी विचारलं.

"असू शकेल. पण इथे प्रत्येकाच्या साध्या गाठी असतात, सर्दी झाली की सुजणाऱ्या. त्यांच्या मधोमध एक पांढरी रेघ दिसते. हिला ती नाही. तरी दिसण्यावर मी विश्वास ठेवणार नाही. सुई घालून तिलाच विचारावं लागेल."

"विचारा."

"आत्ता?"

"मग काय वर्षभराने?"

सर्जनबाई हसल्या. सुई बारीक होती. मी बघणार नव्हते, पण बघितलं. पडद्यावर तिरकी चांदीची रेघ त्या दाण्याकडे सरकत होती, रक्तवाहिनीला वळसा घालून, आणि अगदी त्याच्या पोटात जाऊन थांबली. जाऊबाई छताकडे डोळे लावून होत्या, मूठ घट्ट. सुईत आलेलं पाण्यात धुऊन बाटली प्रयोगशाळेत गेली.

निकाल आला त्या दिवशी सर्जनबाईंनी पाटावर न चढताच सांगितलं. त्या दाण्यातल्या पाण्यात ग्रंथीचं संप्रेरक भरून वाहत होतं. हीच ती. "बाळ आईच्या पोटात असताना या ग्रंथी वर जबड्याजवळ तयार होतात आणि मग सावकाश खाली उतरून आपल्या जागी बसतात. तुमची एक उतरलीच नाही."

"वरच अडून बसली," जाऊबाई म्हणाल्या.

"हो. पन्नास वर्षं."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला वाटलं त्या आता मोकळ्या होतील. त्या बाकड्यावर बसल्या. उजव्या हाताची तीन बोटं आडवी करून त्यांनी आपल्या मानेवर ठेवली, खालचं बोट जुन्या व्रणावर, आणि वरचं जिथे सुई टोचल्याचा ठिपका होता तिथे.

"तीन बोटं वर, गं," म्हणाल्या. "तीन बोटं! छातीत उतरली म्हणे. एकदा दांडी फिरवली असती. एकदा! माझा आवाज घेतला, माझी मान शिवली, वर माझ्या नवऱ्याला सांगितलं की मनावर घेऊ नका." शेजारच्या म्हाताऱ्याने सरकून जागा दिली. "आणि मला सगळे सांगत होते की तू उगाच चिडतेस."

मी त्यांना शांत व्हा म्हटलं नाही. कशाला म्हणू?

दुसऱ्या ऑपरेशनच्या सकाळी सर्जनबाई खाटेशी आल्या. गाठीची जागा पेनाने आखून घेणार का, असं जाऊबाईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, "आत टेबलावर मान वळवली की गाठ सरकते. भूल दिल्यावर, मान तशीच ठेवून पुन्हा मशीन लावणार आणि मगच आखणार."

"बरोबर," जाऊबाई म्हणाल्या. "रेक्झिन ताणल्यावरच खूण करायची." आणि स्ट्रेचरवर आडव्या झाल्या.

आत काय झालं ते सर्जनबाईंनी नंतर आम्हाला सावकाश सांगितलं, प्रश्न विचारू देऊन. चीर जबड्याखालच्या सुरकुतीत, दोन पेरांएवढी. आत चरबीत गाठ वेगळी ओळखू येईना, तेव्हा निर्जंतुक पिशवी चढवलेली दांडी त्यांनी त्या चिरेतच धरली. ती दिसत होती त्याच्या थोडी मागे, एका मोठ्या शिरेआड होती. जवळूनच जिभेच्या हालचालीची नस जाते. अंदाजाने चाचपडणं तिथे परवडलं नसतं, म्हणाल्या. गाठ निघाल्यावर टाके घालायची घाई केली नाही. पुन्हा रक्त काढून संप्रेरक उतरलंय याची खात्री केली, आणि मगच शिवलं. बाटलीत ठेवलेली गाठ आम्हाला दाखवली. खजुराच्या बीएवढी, तपकिरी. जाऊबाईंनी ती उजेडात फिरवून पाहिली. "एवढीशी!" म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात तिच्याबद्दल थोडी कदरच होती.

पहिले काही दिवस ओठांना आणि बोटांना मुंग्या यायच्या. उपाशी हाडं आता कॅल्शियम ओढून घेतात, म्हणून गोळ्या होत्या. मग दुखणं ओसरलं. त्या झोपायला लागल्या. मी त्यांना इतकं झोपताना कधीच पाहिलं नव्हतं. उठल्या की शांतपणे खायच्या, खिडकीत बसायच्या. लोक मुद्दाम बघायला यायचे, शांत झालेली कात्री. भाऊजी बसलेल्यांना सांगायचे, "गाठ गेली, राग गेला. दोनदा खर्च झाला पण बायको नवी मिळाली."

त्या ऐकत होत्या. मला दिसत होतं की ऐकतायत.

एका संध्याकाळी भाऊजी एका मित्राला घेऊन आले. मोबाईलचा धंदा करणारा. दोघे खाली दुकानात गेले आणि फीत लावून शटर मोजायला लागले. जाऊबाई जिन्यावरून खाली आल्या. "काय चाललंय?"

"अगं, तुला आता आराम हवा. खोली यांना भाड्याने देतोय. शब्द दिलाय मी."

"माझं दुकान?"

"आपली खोली," भाऊजी म्हणाले.

"मला विचारलंत?"

भाऊजींनी मित्राला डोळा घातला. "कॅल्शियम वाढलं वाटतं पुन्हा! गोळी घेतलीस का आज?" दोघे हसले.

मी जिन्यावर उभी होते. मला वाटलं आता पिनांची बंदूक उडणार. पण जाऊबाई काही न बोलता वर आल्या. मला त्याची जास्त भीती वाटली. सकाळी उठून प्रयोगशाळेत जाऊन रक्त देऊन आल्या. संध्याकाळी निकाल आणला, आणि भाऊजी ताटावर बसलेले असताना त्यांच्या पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला.

"हे काय?"

"वाचा. मोठ्याने वाचा."

"कॅल्शियम... नॉर्मल."

"नॉर्मल. खालच्या आणि वरच्या आकड्याच्या अगदी मधोमध. आता ऐका." त्या ओरडत नव्हत्या. आवाज अजून खरखरीत होता पण एकेक शब्द कापून टाकल्यासारखा. "दुकान माझं आहे. फोम मी आणते, रेक्झिन मी ओढते, हाड माझं मोडलं. मला न विचारता तुम्ही शब्द दिलात, तो तुम्ही परत घ्यायचा. आणि माझ्या रागाला तुम्ही पुन्हा कधी गाठीचं नाव दिलंत, तर हे ताट वाढणं बंद. गाठ काढली. हा राग माझा आहे, आणि तो तुमच्यावर आहे."

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही मध्यस्थी करीन. मी पाणी आणायला आत गेले. बराच वेळ लावला.

ते आठवडाभर फुगून बसले, पण मित्राला नाही म्हणाले. संसार काही गोड झाला नाही. एवढंच की घरात कॅल्शियम हा शब्द पुन्हा निघाला नाही.

दुकान सुरू झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आता मोठ्या सरांकडे जाऊन येऊ."

"काय मिळणार, ताई?"

"काही नाही. चल."

काचेच्या टेबलापलीकडून सरांनी मानेकडे पाहिलं, नवा व्रण पाहिला. "अरे वा! सापडली वाटतं."

"जबड्याखाली."

"दुर्मीळ असतं ते."

"मशीनला दिसलं. लगेच."

"प्रत्येकाला मशीन लावत बसलो तर—"

"तर काय?" जाऊबाईंनी त्यांचंही बोलणं कापलं. "तर काय होईल, सांगा ना. माझी मान दोनदा उघडली नसती. तुमचं बोट डोळा असेल, पण तुम्ही बघितलं कुठे? ‘चूक झाली’ म्हणा मला. एवढंच ऐकायला आले."

सरांनी घंटी वाजवली.

तो शब्द आलाच नाही. बाहेर आल्यावर जाऊबाई प्रतीक्षागृहाच्या मधोमध उभ्या राहिल्या. खुर्च्यांवर गळ्याची दुखणी घेऊन आलेली माणसं. एका जांभळ्या ओढणीवालीच्या हातात दाखल व्हायचे कागद. त्यांनी मान वर केली, दोन्ही व्रण दाखवले आणि सगळं सांगितलं, त्या खरखरीत आवाजात, खालची चीर कुणी दिली आणि वरची कुणी. "उघडायच्या आधी मशीन फिरवलंत का, एवढं विचारा!" रखवालदार आला आणि आम्हाला दारापर्यंत सोडून गेला. मला लाज वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटली.

आणि चारच दिवसांत एक माणूस आमच्या दुकानात थयथयाट करत आला. त्या जांभळ्या ओढणीवालीचा नवरा. बस स्थानकावर तिकीट खिडकीत बसणारी बाई, तिलाही तीच गाठ. "बायको मान उघडू देत नाही! कुणालाच! घाबरवून ठेवलंत तुम्ही तिला. रोज दुखण्याने कण्हतेय. याला जबाबदार कोण?"

जाऊबाई तेवढ्याच जोरात ओरडल्या. दोघांचं ऐकून इस्त्रीवाला बाहेर आला. मग मध्येच त्या थांबल्या. खुर्चीवर बसल्या. "घर कुठे तुमचं?" विचारलं, आणि शटर ओढलं.

तिकीटवालीला समजावायला अख्खी दुपार गेली. ती रडायची, आणि जाऊबाई तिच्यावर चिडायच्या, आणि चिडता चिडता तिला पाणी द्यायच्या. शेवटी आम्ही तिघी सरकारी दवाखान्यात गेलो. पुन्हा तो व्हरांडा, तो हिरवा पडदा, तो पाट. सर्जनबाईंनी दांडी टेकवली आणि जवळजवळ लगेच म्हणाल्या, "ही बघा. उजवीकडे, थायरॉइडच्या खालच्या टोकाशी. अगदी नेहमीच्या जागी. ही कुणालाही सापडेल."

तिकीटवालीचा चेहरा उजळला. "कुणालाही? मग मी मोठ्या सरांकडेच करते. दवाखाना घराजवळ आहे आमच्या."

मी जाऊबाईंकडे बघायचं टाळलं. त्या दात आवळून म्हणाल्या, "चित्र घेऊन जा. टेबलावर ठेव आणि बोट ठेवून सांग, इथे आहे. मूग गिळून बसू नकोस."

घरी येताना अख्खा रस्ता त्या बडबडत होत्या. "त्याच्याकडेच! सगळं ऐकून, बघून, त्याच्याकडेच!" वाटेत एका सायकलवाल्याला विनाकारण सुनावलं. विनाकारण नाही, तो उलट्या बाजूने येत होता.

महिनाभराने तिकीटवाली दुकानात आली. ओढणी नव्हती गळ्यात. म्हणाली, सरांनी चित्र हातात घेतलं, बघितलं, कुणी काढायला सांगितलं विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर एकही शब्द बोलले नाहीत. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं.

"माझ्याबद्दल काहीच नाही?" जाऊबाईंनी विचारलं.

"काहीच नाही."

जाऊबाईंनी कात्री खाली ठेवली. तिची हनुवटी धरून मान ट्यूबलाइटकडे वळवली आणि चिरेवरून अंगठा हलकेच फिरवला. कितीतरी वेळ निरखत राहिल्या.

"टाके बरे घातलेत मेल्याने," म्हणाल्या.